थोरल्याच्या जागेवर

बयाबाईचं जन्माचं नाव बया नव्हतं. माहेरी, मुरगूडच्या पलीकडच्या एका वाडीत, तिला हौसा म्हणत. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिला बिद्रीच्या सयाजीला दिली. सयाजीचं हे दुसरं लग्न. पहिली बायको बया तापानं गेली होती आणि मागं एक रांगती मुलगी होती. हळद उतरायच्या आत सासूनं काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक हौसाच्या गळ्यात घातला. टाकावर बाईची आकृती होती. दोन हात, दोन पाय, तोंडाच्या जागी नुसते ठिपके.

“ही थोरली,” सासू म्हणाली. “नवं लुगडं आलं की आदी हिला लावायचं, मग नेसायचं. ग्वाडधोड आदी हिला दावायचं. आन तुजं नाव बया. आमच्या घरात बयाच हाय.”

पहिल्या उन्हाळ्यात सासू तिला म्हणाली, “बये, गेल्या साली लोणच्यात मेथ्या जास्त घातल्यास, कडू झालतं. औंदा बेतानं घाल.” हौसानं त्या घरात तोवर लोणचं घातलंच नव्हतं. ती गप्प राहिली. दुसऱ्या वर्षी सासूनं तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “व्हय, जरा जास्तच पडल्या.” तिसऱ्या वर्षी तिला ते कडू लोणचं आठवायला लागलं. बरणीचा कान फुटका होता, हेही आठवायला लागलं. रांगती मुलगी मोठी झाली. तिच्या जन्माच्या वेळच्या कळा आपणच सोसल्या की नाही, हे बयाबाईला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही. कुणी वय विचारलं तर ती थोरलीचं वय सांगायची आणि त्यात पुढची वर्षं मिळवायची.

सयाजीला कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत काम लागलं आणि ती दोघं शहरात आली. सासू वारली. बयाबाई एका सायन्स कॉलेजात झाडलोटीला लागली. तिथून तिला प्राणिशास्त्राच्या इमारतीमागच्या उंदीरघरात पाठवलं, कारण दुसरं कुणी तिथं टिकत नव्हतं. पत्र्याचं छप्पर, ओळीनं मांडलेले जाळीचे पिंजरे आणि नाकात जाऊन बसणारा एक वास, जो कपडे धुतले तरी जात नसे. बयाबाई टिकली. भुसा बदलायचा, बाटल्यांत पाणी भरायचं, हरभरे आणि गव्हाचा कोंडा घालायचा, उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकायची. उंदीर पांढरे होते, लाल डोळ्यांचे. शेतातल्या उंदराशी त्यांचं काही नातं असेल असं तिला वाटत नसे.

चौऱ्याहत्तर सालच्या सुमाराला श्यामला तिथं येऊ लागली. शहरातल्या एका हेडमास्तरांची मुलगी. गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवायची आणि हेरवाडकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. तिला म्हातारे उंदीर हवे होते. म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत, ते म्हातारे होईपर्यंत सांभाळावे लागतात. उंदराला म्हातारं व्हायला दोन वर्षं लागतात. श्यामलानं एकाच वेळी जन्मलेले उंदीर निवडले, प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा दिला, पिंजऱ्याला पत्र्याची चकती लावली आणि बयाबाईला सांगितलं, “मी रविवारचीच येणार. हे आता तुमच्यावर. यातला एकही कमी होता कामा नये.”

“कशापायी एवढं?”

श्यामलानं समजावून सांगितलं. मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. एका पेशीला दुसरीला काही कळवायचं असेल तर दोघींच्या मधल्या फटीत ती अगदी इवलंसं रसायन सोडते. ते पलीकडे पोचलं की निरोप पोचला. वय झाल्यावर हे रसायन कमी सुटतं का, ते बघायचंय.

बयाबाईनं हातातला भुसा खाली ठेवला. “म्हंजे सांगणारी दमती, का ऐकणारी?”

“सध्या सांगणारीचंच बघतेय,” श्यामला हसून म्हणाली. “ऐकणारी नंतर.”

मग ती एस.टी. गाठायला गेली.

पहिला उंदीर दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मेला. सकाळी बयाबाई आली तर तो कुशीवर पडला होता, पाय ताठ. ती पिंजऱ्यासमोर उभी राहिली. एकही कमी होता कामा नये. तिला काय करायचं याचा फार विचार करावा लागला नाही. पैदाशीच्या खोलीतून तिनं तेवढ्याच अंगाचा एक तरणा, दांडगा उंदीर आणला. मेलेल्याच्या वाटीत राहिलेले हरभरे आधी त्याला खायला घातले, म्हणजे थोरल्याचं उष्टं. चकतीला हळदीचं बोट लावलं आणि त्याला त्या पिंजऱ्यात सोडलं. मेलेल्याला मागच्या चिंचेखाली पुरलं. त्या दिवसापासून त्या पिंजऱ्यात कोंडा घालण्याआधी ती चिमूटभर बाहेर, फळीवर ठेवायची.

पुढं आणखी काही मेले. प्रत्येक वेळी तिनं हेच केलं. लपवून केलं असं म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेतल्या केरबानं, जो रंकाळ्याच्या काठावरून बेडूक धरून आणायचा, तिला एकदा चिमूट ठेवताना पाहिलं.

“काय वो बयाबाई, उंदरास्नी निवद? गणपती बसवलासा काय?”

“थोरल्याला हाय.”

“थोरला कोण आनि?”

“गेला त्यो.”

“आन ह्यो?”

“ह्यो बी त्योच की.”

केरबा हसला, “दुसरेपणाचा म्हना की,” म्हणाला आणि बेडकांची बादली घेऊन वर गेला. रविवारी श्यामला आली, ओळीवरून नजर फिरवली, पिंजरे मोजले, सगळे भरलेले होते. तिनं बयाबाईच्या हातावर गडहिंग्लजहून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या.

दोन वर्षं भरली. श्यामलानं वर्षभराची रजा घेतली आणि प्रयोग सुरू केले. रोज एक उंदीर वर जायचा, कधी सहा महिन्यांचा तरणा, कधी म्हातारा. त्याचा मेंदू काढायचा, पातळ चकत्या करायच्या, कोमट खारट पाण्यात जगत्या ठेवायच्या. पाण्यातलं पोटॅशियम वाढवलं की पेशी खवळतात आणि रसायन सोडतात. ते किती सुटलं हे मोजायला बेडकाच्या पोटावरची स्नायूची पट्टी टांगलेली असे. ते पाणी तिच्यावर पडलं की पट्टी आखडते, तिला जोडलेली काडी वर उचलते आणि हळूहळू फिरणाऱ्या छोट्या पिंपावरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटते. जास्त रसायन, उंच रेघ. कमी रसायन, बुटकी.

तरण्यांच्या रेघा उंच आल्या. म्हाताऱ्यांच्या बुटक्या यायला हव्या होत्या. पहिली आली. दुसरी उंच आली, तिसरीही. चौथी पुन्हा इतकी बुटकी की कागदावर नख लागल्यासारखी दिसली.

श्यामलानं औषधं नव्यानं बनवली. पाणी दोनदा ऊर्ध्वपातन करून घेतलं. केरबाला वेगळ्या तळ्यावरून बेडूक आणायला लावले. केरबा म्हणाला, “मॅडम, बेडकाला कुठल्या तळ्याचं काय कळतंय?” पण आणले. रेघा तशाच राहिल्या. काही म्हातारे म्हातारे होते, काही तरण्यांसारखे, आणि अधलंमधलं कुणी नव्हतं. ते तिला जास्त चक्रावून टाकत होतं. वय हळूहळू येतं, निदान पुस्तकांत तरी.

हेरवाडकर सरांनी कागद खिडकीशी धरून पाहिले. “तुमच्या उंदरांना वय कळत नाही की तुम्हाला पोटॅशियम मोजता येत नाही?”

“मी सगळं तपासलंय, सर.”

“मग हे उंच आलेले सोडून द्या. उरलेल्यांवर लिहा.”

“कुठल्या आधारावर सोडू?”

सरांनी कागद परत तिच्या हातात दिले. खाली पिंजऱ्यांत अजून सात म्हातारे शिल्लक होते. रजा संपत आली होती. हे सात हाती लागले तर प्रबंध उभा राहणार होता, नाहीतर दोन वर्षांची वाट आणि वर्षभराची रजा दोन्ही वाया जाणार होत्या.

त्याच दुपारी केरबा काचसामान धुताना सहज म्हणाला, “मॅडम, त्या सातांत थोरलं किती न् दुसरेपणाचं किती वो?”

श्यामलानं मान वर केली. “काय किती?”

केरबानं सांगितलं. त्याला वाटलं होतं मॅडमना ठाऊक असणार.

ती जिना उतरून उंदीरघरात गेली तेव्हा बयाबाई पिंजऱ्यांखालच्या ताटल्या घासत होती. 

“बयाबाई, यातला कुणी मेला होता?”

“व्हय. मेलं की थोडं.”

“मग त्या जागी?”

“बसवलं की. तुमीच म्हनला हुता, कमी हुता कामा न्हाय.”

“बयाबाई, अहो, त्या जागी दुसरा कसा चालेल? तो तोच नाही ना. त्याचं वय वेगळं.”

बयाबाई ताटली हातात घेऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

“मी उष्टं खायला घातलं, ताई. समदं रीतीनं केलं. उगंच न्हाय बसवलं.”

“रीत माणसांत चालते. मेंदूला रीत कळत नाही.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर श्यामलाचं लक्ष बयाबाईच्या गळ्याकडं गेलं. तो टाक तिनं रोज पाहिला होता. तिला वाटायचं, कुठला तरी देव असेल. आज तिनं विचारलं आणि बयाबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. श्यामलानं पिंजऱ्यांच्या ओळीकडं पाहिलं. 

“या सातांत मूळचे कुठले ते मला दाखवा. तेवढंच सांगा.”

बयाबाई पिंजऱ्यांच्या ओळीपाशी गेली. पहिल्यापाशी थांबली. तिला माहीत नव्हतं असं नाही. कुणाच्या फळीवर चिमूट ठेवायची हे तिच्या हाताला पाठ होतं. पण आता बोट दाखवायचं म्हणजे एकाला खरा म्हणायचं आणि दुसऱ्याला नुसता आणून सोडलेला. आपण त्यांना आणून सोडलं होतं हे खरंच होतं. तिलाही असंच आणून सोडलं होतं. मग बिद्रीच्या घरात राहिलं कोण? मेथ्या कुणी जास्त घातल्या?

“सांगा ना, बयाबाई. माझी दोन वर्षं अडकलीत यात.”

“ह्यो थोरला,” ती हळूच म्हणाली. मग पुढच्यापाशी गेली. “ही धाकटी.”

“अहो, तो नर आहे.”

“नर असू दे की. धाकटीच हाय. थोरलीच्या जाग्यावर आली.”

श्यामलानं दुरुस्त केलं नाही. बयाबाई पुढं सरकत गेली. थोरला, थोरला, धाकटी. एका पिंजऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली, पुढच्याला थोरला म्हणाली आणि परत आली.

“ह्याचं मला सांगता येत न्हाय.”

“आठवत नाही?”

“आठवतंय. दोन्ही आठवतंय. ह्यो मेला त्येबी आठवतंय, आन मेलाच न्हवता त्येबी.”

श्यामलानं तो पिंजरा बाजूला ठेवला. चार थोरले हाती आले. वर जाऊन तिनं सरांना सांगितलं. सर आधी मोठ्यानं हसले, मग लाल झाले. “काढून टाका त्या बाईला. उद्याच्या उद्या.” श्यामला म्हणाली, “सर, काढलं तर हे चार तरी मूळचे आहेत हे कोण सांगणार?” सरांना हे पटलं की नाही कळलं नाही. ते चष्मा पुसत बसले.

त्या संध्याकाळी बयाबाई घरी गेली तेव्हा सयाजी दारात बसून तंबाखू मळत होता. फाउंड्रीतून सुटल्यापासून त्याला जुन्या गोष्टी फार सुचत.

“बये, आपून नरसोबाच्या वाडीला गेलतो बघ. तुज्या पायात काच घुसली हुती. मी होडीपतूर खांद्यावर घेऊन आलतो.”

इतकी वर्षं ती यावर ‘व्हय’ म्हणायची. तिच्या डाव्या टाचेला ती काच खुपायचीसुद्धा.

“ती मी न्हवतो,” ती म्हणाली.

“अं?”

“ती मी न्हवतो. थोरली हुती.”

सयाजीचा मळणारा अंगठा थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पायाकडं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गर्दीत धरलेला हात सुटल्यावर माणूस बघतो तसा तो बघत होता.

“मग खांद्यावर कोन हुतं?” त्यानं विचारलं.

 ती आत गेली आणि चूल पेटवायला बसली. जरा वेळानं तो बाहेरून पुन्हा म्हणाला, “काच तर लागली हुती की गं.” तिनं आतूनच ‘व्हय’ म्हटलं. ते कुणाच्या वतीनं म्हटलं हे तिला ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात श्यामलानं ते चार उंदीर वापरले. पहिल्या दिवशी तिनं बयाबाईला वर बोलावून घेतलं. कशासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बयाबाई पदर तोंडाशी धरून दाराजवळ उभी राहिली. पिंप फिरत होतं. केरबानं पाणी सोडलं, स्नायूची पट्टी किंचित आखडली आणि काजळीवर एक बुटकी रेघ उमटली.

“हा थोरला,” श्यामला म्हणाली. “बघा, किती कमी.”

तिनं आदल्या महिन्यातला एक उंच रेघेचा कागद शेजारी ठेवला. “आणि हा बहुतेक धाकटा.”

बयाबाई दोन्ही रेघांकडं बघत राहिली. “म्हंजे ही ती न्हवं.”

“नाही.”

“जाग्यावर बसली तरी न्हवं.”

“नाही, बयाबाई.”

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही रेघा बुटक्या आल्या. हेरवाडकर सर खुशीत येऊन म्हणाले, “आता कसं!” चौथ्या दिवशी शेवटचा थोरला वर गेला आणि रेघ उंच आली. तरण्यांच्या रेघेइतकी, किंबहुना केसभर जास्तच.

श्यामला धावत खाली आली. “हा नक्की थोरलाच होता ना? नीट आठवून सांगा.”

“थोरलाच.”

“नक्की?”

बयाबाई बोलायला गेली आणि थांबली. सकाळपर्यंत तिला नक्की माहीत होतं. आता ताईंच्या चेहऱ्याकडं बघता बघता तिला चिंचेखालचा एक खड्डा आठवायला लागला. तो याच उंदराचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे त्या खड्ड्यावर लिहिलेलं नव्हतं. की खड्डा आत्ताच, आठवतानाच खणला गेला होता?

“ठाऊक न्हाय,” ती म्हणाली.

श्यामला पायरीवर बसली. एखाद्या म्हाताऱ्या मेंदूतून तरण्याइतकं रसायन सुटूही शकतं, असं ती एकदा म्हणाली. मग म्हणाली, नाही, तो बदललेलाच असणार.  तीन रेघांवर प्रबंध होत नाही. चौथी धरली तर तीनही डळमळतात, सोडली तर का सोडली ते लिहावं लागतं.

रजा संपली. श्यामला गडहिंग्लजला परत गेली. जायच्या आधी तिनं नवे उंदीर निवडले, नव्या चकत्या लावल्या. पुन्हा दोन वर्षं. सरांनी नव्या बाईची शिफारस केली होती, पण ती वासानंच परत फिरली आणि बयाबाई राहिली.

“या वेळी मेला तर मला सांगायचं,” श्यामलानं बजावलं. “जागा तशीच ठेवायची. कुणाला बसवायचं नाही.”

“व्हय.”

पावसाळा सरत आला तेव्हा त्यांतला एक मेला. बयाबाईनं त्याला पुरलं आणि रविवारची वाट बघत राहिली. श्यामला आली तशी ती पुढं झाली आणि म्हणाली, “ताई, एक कमी झाला.”

“बरं झालं सांगितलंत,” श्यामला म्हणाली. तिनं चकती काढून पर्समध्ये टाकली.

बयाबाई हलली नाही. “मग आता?”

“आता काही नाही.”

“जागा रिकामीच?”

“रिकामीच.”

“किती दिस?”

श्यामलानं पर्स खांद्याला लावली. “कायमची, बयाबाई,” ती म्हणाली आणि वर निघून गेली.

बयाबाई कामाला लागली. एकेक बाटली भरून ती पिंजऱ्यांना लावत गेली. भरलेली बाटली हातात घेऊन ती त्या पिंजऱ्यापाशी आली आणि तिथंच उभी राहिली. पलीकडचे उंदीर जाळीला नाक लावून तिची वाट बघत होते. पुढं जायचं तर याला ओलांडून जायचं होतं. तिनं बाटली या हातातून त्या हातात घेतली. थोरल्याला चिमूट ठेवावी तर त्याच्या जागेवर आता कुणी धाकटी नव्हती. कुणाला हाक मारून पुढं जावं, हे तिला कळेना.